उजव्याच चाकाची घरघर

१

तमाण्णा वखारवाल्यानं परसू ड्रायव्हरच्या मुस्काटात मारली तेव्हा मी मोटारीखाली उताणा होतो. त्यामुळं मला कुणाचं तोंड दिसलं नाही, नुसता आवाज आला. अंगणात तंबाखूची पानं निवडत बसलेल्या बायकांची सळसळ एकदम थांबली.

"घात केलास रं! माझी आई हुती गाडीत! माझी आई!" तमाण्णा ओरडत होता.

मी घाईनं बाहेर सरकलो आणि माझं डोकं मडगार्डावर सणकून आदळलं. त्या दिवसात माझ्या वाट्याला जे जे यायचं होतं त्याची ही नुसती भवानी होती.

ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी आण्णाप्पा मिस्त्री. मूळचा काकतीच्या शेतकऱ्याचा पोरगा, पण नांगराशी माझं कधी जमलं नाही, म्हणून बेळगावात मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. तमाण्णाची निपाणीला तंबाखूची मोठी वखार, आणि दारात सात माणसांची अमेरिकन मोटार. घरची सगळी माणसं त्या मोटारीतनं सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेली होती. येताना काकतीच्या जरा पुढं उजव्या बाजूच्या पुढच्या चाकातनं घरघर सुरू झाली. तवंदीचा घाट उतरताना ते चाक असं लटपटलं, की परसूनं गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन उभी केली. दुसऱ्या अंगाला दरी होती. माणसं वाचली. तमाण्णाची म्हातारी आई, अंबूआक्का, तिचा हात तेवढा मुक्या मारानं सुजला. मग बैलं जुंपून मोटार वखारीत ओढत आणली, आणि मला सांगावा धाडला, की असशील तसा ये.

असेन तसा मी आलो. चाक उतरवलं, हब उघडला. हब म्हणजे चाकाचा मधला गड्डा, त्यात बेरिंग असतं. आत बघितलं तर बेरिंगच्या पोलादी गोळ्यांचा पार चुरा झालेला, आणि त्या चुऱ्यात काळाकुट्ट चिखल. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. तेवढ्यात तमाण्णाचा पुतण्या जोतिराम वाकला, चिखलात बोट घातलं, चोळलं, आणि वकिलासारखा उभा राहून म्हणाला, "काका, खरखरतंय! कुणीतरी चाकात वाळू घातलीया."

मिस्त्री मी. बोलावलं मला. आणि निकाल दिला ह्या केसाला तेल लावून हिंडणाऱ्यानं!

त्या मोटारीच्या बाबतीत 'कुणीतरी' म्हटलं की एकच माणूस डोळ्यापुढं येत होता. घाटातनं आल्यापासून तमाण्णा परसूकडं वाकड्या डोळ्यानं बघतच होता, ह्यानंच मोटार फोडली म्हणून चारचौघांत बोलतही होता, आता त्याला निमित्त मिळालं. आणखी काय मोडलंय ते बघायला मी मोटारीखाली शिरलो, तेवढ्यात ती मुस्काटात बसली.

"फौजदाराला बोलवा," तमाण्णा म्हणाला. "ह्याचा ड्रायव्हरीचा बिल्ला काढून घिऊ दे, आनि खडी फोडाय पाठवू दे."

परसू गाल धरून उभा होता. तिशीचा, सरळ नाकाचा माणूस. तो मालकाकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता.

"आण्णाप्पाण्णा, मी न्हाई केलं वो."

"मालक," मी म्हणालो, "फौजदार काय पळून जात न्हाई. संध्याकाळपतोर थांबा. चाकात काय घातलं आणि कुणी घातलं, ते मी सांगतो. न्हाई सांगता आलं तर मग तुमचं तुम्ही बघा."

बोलून गेलो खरा. पण म्हणतात ना, उचलली जीभ लावली टाळ्याला. मला तेव्हा काडीचंही काही कळलेलं नव्हतं.

२

मोटारीत बसलेल्या प्रत्येकाला मी विचारलं, आवाज कसा येत होता? झक मारली आणि विचारलं!

तमाण्णा म्हणाला, "घर्रर्र." जोतिराम म्हणाला, "छे काका, खर्रक खर्रक." स्वयंपाकीणबाईंनी पदर तोंडाला लावून मांजर भांडल्यासारखा काहीतरी आवाज काढला. मग प्रत्येकजण आपापला आवाज दुसऱ्यापेक्षा मोठ्यानं काढायला लागला, आणि निवडणाऱ्या बायका खुसूखुसू हसायला लागल्या. मी कपाळाला हात लावला.

शेवटी परसूला बाजूला घेतलं. "तू सांग. आणि आवाज काढून दावू नकोस, मी हात जोडतो."

"जात्यावर जुंधळं भरडल्यागत हुता," तो म्हणाला. "काकतीच्या उतारावर गिअर काढला, इंजन बंद केलं, तरी आवाज तसाच. म्हंजे इंजनाचा न्हवता. ब्रेक दाबून बघितला, तरी कमी बी न्हाई नि जास्त बी न्हाई. डावीकडं वळवली की वाढायचा, उजवीकडं वळवली की गप."

मला बरं वाटलं. गाडी डावीकडं वळली की सगळा भार उजव्या चाकावर येतो. म्हणजे ह्यानं चालता चालता बरोबर चाक हुडकलं होतं, बेरिंगसुद्धा हुडकलं होतं.

"मग थांबवली का न्हाईस गड्या?"

परसूनं मालकाकडं नजर टाकली. मीही तमाण्णाकडं बघितलं. तो मिशीवरनं हात फिरवत म्हणाला, "त्यो म्हनला हुता, थांबूया म्हनून. मीच म्हनलो, घरी जाऊन बघू. जत्रंचा नैवेद्य हुता गाडीत."

"म्हणजे ज्यानं घात केला तोच तुम्हाला काकतीत थांबा म्हणत होता?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" जोतिराम मधेच म्हणाला. ह्या पोराला कुणी गप कर म्हणून सांगतच नव्हतं.

चाकाला आणखी कुणी हात लावला होता का, असं विचारलं तर तमाण्णासकट सगळे म्हणाले, कुणी न्हाई. मी हबची टोपी हातात घेतली. ही पितळेची असते, आट्यावर फिरवून घट्ट बसवायची. तिच्या आत ग्रीस भरतात. अनाडी माणूस ती छिन्नी-हातोड्यानं उघडतो, आणि तिच्या कडा चावल्यासारख्या होतात. ह्या टोपीच्या कडा साफ होत्या. ज्यानं कुणी उघडली, त्यानं तिचा खास पाना वापरला होता.

"पाना कुठं असतोय?"

"हत्याराच्या पेटीत," परसू म्हणाला. "पेटीला कुलूप असतंय."

"किल्ल्या?"

"दोन. एक माझ्या करदोड्याला, एक मालकांच्या जुडग्यात."

हे ऐकून बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मी जे विचारलं ते परसूला वाचवायला विचारलं होतं, आणि त्यानंच त्याचा गळा आवळला गेला. तमाण्णानं कमरेचं जुडगं काढून माझ्या तोंडापुढं हलवलं.

"ही बगा माझी किल्ली. कमरंवरनं कवा सुटली न्हाई. मग ऱ्हायलं कोन, मिस्त्री?"

३

राहिला जोतिराम. निदान माझी तशी लई इच्छा होती.

त्याला गोदामाच्या आड घेतलं. "तू मोटार कुठं कुठं नेली होतीस, मला खरं सांग. काकाला सांगत न्हाई."

आधी तो म्हणाला, मी हातच लावत नाही. मग म्हणाला, एकदाच. मग म्हणाला, जत्रेच्या आधी परसू शेजारी बसला होता आणि मी वेदगंगेच्या पात्रात नेऊन धुतली, बैलगाडी धुतात तशी, चाकं बुडेपर्यंत पाण्यात घालून.

"अरे शहाण्या! मोटार काय म्हैस हाय व्हय रं?"

"परसू बी असंच वरडला," तो म्हणाला. "पण काकांना सांगितलं न्हाई त्यानं. माझी पाठराखन केली."

"आणि तू आज त्याच्याच नावानं बोंब मारलीस!"

जोतिरामनं मान खाली घातली. मी मनात म्हटलं, सापडलं! नदीची वाळू हबात गेली, परसू त्यात कुठंच नाही. पळतच अंगणात आलो. परातीत रॉकेल ओतलं, चाकातला काळा चिखल त्यात धुतला, आणि धोतराच्या पांढऱ्या फडक्यातनं गाळला. वाळू असेल तर फडक्यावर चमकायला पाहिजे, दातांखाली धरली तर करकरायला पाहिजे.

फडक्यावर पोलादाचा चुरा होता. काळी मऊ राख होती. आणि जळक्या काड्यांचे बारीक बारीक तुकडे होते. वाळूचा एक कण नव्हता.

वर आणखी, नदीचं पाणी शिरलं असतं तर चारी चाकांत शिरलं असतं. मी डाव्या बाजूचं पुढचं चाक खोललं. आत पिवळंधमक ग्रीस, परसूनं भरलेलं, बोटानं चाटून घ्यावं असं. मागची दोन्ही बघितली. तीही साफ होती.

वैताग आला. एकाच चाकात, तेही पाना लावून, राख? ज्याला मोटार दरीत घालायची त्याला हजार सोप्या वाटा आहेत. आणि मोटार चालवणाराच दरीत मोटार घालील, स्वतः आत बसून?

"काय झालं मिस्त्री?" तमाण्णा लांबनं ओरडला. "दिस कलला की!"

"कळतंय मला दिस कललेला!" मीही ओरडलो.

४

त्या वखारीत एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तासभर बसलं की माणसाचं नाक मरतं. चंदन असो की शेण, सगळ्याला तंबाखूचाच वास. मी सकाळपासून शिंकत होतो, डोळे पुसत होतो, आणि हाताला लागलेल्या त्या घाणीचा वास मला एकदाही आला नव्हता.

हात धुवायला म्हणून मी वखारीच्या मागच्या विहिरीवर गेलो. तिथं वारा होता. दोन शिंका मोकळ्या झाल्या. आणि तोंडावर पाणी मारायला हात वर केला तेव्हा बोटांचा वास नाकात शिरला.

एरंडेल! लहानपणी आई नाक दाबून पाजायची ते एरंडेल. मोटारीच्या ग्रीसला असला वास कुठला यायला!

एरंडेल, राख, जळक्या काड्या. मी विहिरीच्या काठावर मटकन बसलो आणि स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो, आणि मला हे ओळखू येऊ नये? ते वंगण होतं, बैलगाडीचं. पिकाचं वाळकं काड जाळून त्याची राख एरंडेलात कालवायची, बांबूच्या नळ्यात भरून नळा गाडीच्या साट्याखाली, म्हणजे सांगाड्याखाली, टांगायचा, आणि चाक करकरलं की आसाला फासायचं. माझ्या बापाच्या गाडीला असला नळा कायम लोंबकळत असायचा.

म्हणजे बैलगाडीचं वंगण कुणीतरी मोटारीच्या चाकात भरलं होतं. आणि ह्या वखारीत बैलगाडी हाकणारा एकच माणूस होता. यल्लाप्पा. मोटार यायच्या आधी मालकाला गावोगाव तोच न्यायचा, जत्रेलाही तोच न्यायचा. मोटार आली आणि त्याच्या नशिबी तंबाखूची पोती ओढणं आलं.

मी तसाच ओल्या हातानं गोठ्याकडं निघालो.

५

यल्लाप्पा बैलांना कडबा घालत होता. साठीचा, हाडापेरानं दांडगा. मी बोटं त्याच्या नाकापुढं धरली.

"कशाचा वास हाय?"

"वंगणाचा," तो म्हणाला. "नाकात कशाला घालताय?"

"हे मोटारीच्या चाकात सापडलंय, यल्लाप्पा. तुझ्या नळ्यातलं. तुझ्यापायी परसू जेलात निघालाय. आता खरं बोल, न्हाईतर मालकाला इथंच हाक मारतो."

मला वाटलं तो घाबरेल, नाहीतर चिडेल. त्यानं उलट मलाच विचारलं, "किती चाकांत सापडलं?"

"एका. उजव्या."

"मिस्त्री, तुम्ही काकतीचं न्हवं? तुमच्या बानं कवा एका चाकाला वंगण घातलंय? एक चाक वंगलं नि एक कोरडं ठिवलं, तर गाडी एका अंगाला वढती, बैलाची मान जाती. राग काढायला म्हनून घातलं असतं तरी ह्यो हात आपसूक दुसऱ्या चाकाकडं गेला असता. आनि त्या पितळंच्या टोपीला कसला पाना लागतोय, ते मला म्हाईत असतं तर मी मोटारच हाकली नसती व्हय?"

म्हातारा खरं बोलत होता. मी बोटं धोतराला पुसली.

"मग वंगण बाहेर गेलं कसं?"

"नळा साट्याखाली टांगलेला असतोय. कुनीबी घ्यावं. चोरायची वस्तू हाय व्हय ती?"

मी परत मोटारीपाशी आलो आणि टोपी हातात घेऊन पायरीवर बसलो. डोक्यात एकच भुंगा. एका चाकाला वंगण कोण घालतं? गाडीवान घालत नाही. ड्रायव्हर घालत नाही, त्याच्याकडं डबाभर ग्रीस असतं. ज्याला चाक सुरळीत चालवायचं आहे तो दोन्हीला घालील, आणि ज्याला मोडायचं आहे तो वंगण कशाला घालील? दगड घालील. म्हणजे ज्यानं हे घातलं, त्याला चाक चालवायचंही नव्हतं आणि मोडायचंही नव्हतं. त्याला नुसतं घालायचं होतं.

रिकाम्या हाताला चाळा म्हणून मी टोपी फडक्यानं पुसत होतो. बाहेरची बाजू घाटातल्या धुळीनं माखली होती. धूळ निघाली आणि मधोमध बोटाएवढा पिवळा डाग दिसला. वर लाल ठिपका.

हळद आणि कुंकू.

मी टोपी खिशात टाकली आणि अंबूआक्कांना भेटायला माडीवर गेलो. म्हातारी सुजलेला हात उशीवर ठेवून बसली होती.

"आक्का, हात कसा हाय?"

"हाताला काय धाड भरलीया? परसूला का मारलं त्यानं, ते आदी सांग. त्या पोरानं मला उचलून गाडीभायेर काढलं."

"ते सांगायलाच आलोय. जत्रेला निघताना मोटारीची पूजा केली होती?"

"केली की! न करून कसं चालंल? यल्लम्माला जायचं म्हनल्यावर उजव्या चाकाला घरच्या कर्त्यानं आपल्या हातानं वंगण घालायचं, मग मी हळदकुंकू लावायचं, मगच चाक हलायचं. माझा सासरा घालायचा, माझा मालक घालायचा. आमच्या घरची चालच हाय ती. मोटार झाली म्हनून काय देवी बदलली?"

"आणि परसू तेव्हा कुठं होता?"

"त्यो पहाटंचा आंघूळ कराय गेलता. देवीच्या गाडीला पारोशानं हात लावायचा न्हाई म्हनून मीच धाडला हुता."

पुढचं मी विचारलं नाही. पेटीला दोन किल्ल्या. एक परसूच्या करदोड्याला, त्याच्याबरोबर आंघोळीला गेली होती. दुसरी कधी कमरेवरनं सुटलीच नव्हती, हे तमाण्णानंच सकाळी मला सांगितलं होतं.

६

तमाण्णा गादीवर बसला होता. मी दार लोटून घेतलं आणि टोपी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"मालक, मी सकाळी तुम्हाला विचारलं, चाकाला कुणी हात लावला होता? तुम्ही म्हणालात, कुणी न्हाई."

"मग? न्हाईच लावला."

"जत्रेला निघताना पाना घेऊन ही टोपी कुणी खोलली?"

"ते..." तो थांबला. "ते पूजंचं हुतं की. मी आमच्या चालीपरमानं वंगण घातलं. परसू टोपी कशी खोलतोय ते रोज बघतोय मी. त्याला चाकाला हात लावला म्हनत्यात व्हय?"

मला सांगा, अशा माणसाचं काय करायचं? खोटं बोलत नव्हता हो! अख्ख्या घरानं बघितलं होतं, आणि अख्खं घर मला 'कुणी हात लावला नाही' म्हणून सांगत होतं, कारण देवाचं काम हे काम म्हणून कुणी धरलंच नव्हतं.

"आनि वंगणानं चाक खराब हुतंय?" त्याचा आवाज चढला. "शंभर वर्सं आमच्या गाड्या वंगणावर चालल्या!"

"बैलाच्या चालीनं चालल्या!" मीही आवाज चढवला. "लाकडाचं चाक, जाड आस, मधे बोटभर फट. तिथं राख बसली तर फट भरते, बरंच होतं. हितं पोलादाच्या गोळ्या एकमेकीला घासून पळत्यात. मोटार पळाली, चाक तापलं, एरंडेल पातळ होऊन गळून गेलं आणि मागं नुसती राख राहिली. तुमच्या घरात भांडी कशानं घासत्यात? राखेनंच न्हवं? जाताना एरंडेल होतं तोवर निभावलं, येताना सौंदत्तीपासनं काकतीपर्यंत नुसत्या राखेनं गोळ्या घासल्या. म्हणून येताना घरघर, जाताना न्हाई. परसू थांबूया म्हणाला. तुम्ही न्हाई थांबलात."

तमाण्णानं टोपी उचलली. तिच्यावरच्या हळदीवरनं अंगठा फिरवला.

"माझ्याच हातानं," तो म्हणाला. "आई हुती गाडीत."

मला क्षणभर त्याची दया आली. क्षणभरच. कारण लगेच तो सावरून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बरं. झालं ते झालं. परसूला म्हनावं उद्यापासनं कामावर ये. लोकांना आपुन सांगू, वाटंतली वाळू शिरली. आईच्या कानावर जायला नको, देवीच्या पूजंनं चाक मोडलं म्हनून. तिच्या जिवाला लागंल. व्हय ना?"

"आणि ज्या बायांपुढं त्याला मारलंत, त्या काय समजणार? घात करणाऱ्याला मालकानं माफ केलं?"

"मिस्त्री, तुम्हाला चाक दुरुस्त कराय बोलीवलंय."

मी काय बोलणार होतो ते देव जाणे, पण तेवढ्यात दार उघडलं. अंबूआक्का. माडीचा जिना एका हातानं धरून उतरली होती, धाप लागली होती. मी विचारलं त्यावरनंच तिनं सगळं ओळखलं होतं.

"तमा," ती म्हणाली, "माझ्या जिवाला काय लागतंय ते मी बघीन. यल्लम्मा माझ्यावर रागावली तर मला रागवू दे, ती आनि मी बघून घिऊ. तू त्याला मारलंस कुठं?"

"अंगणात."

"मग बोलायचं बी तितंच. चल."

पन्नास वर्षांचा तमाण्णा वखारवाला उठला आणि आईच्या मागनं अंगणात गेला. परसू मोटारीपाशी उकिडवा बसला होता, तो उठला. बायांचे हात थांबले.

"परसूनं काय केलं न्हाई," तमाण्णा जमिनीकडं बघत पुटपुटला.

"मोठ्यानं," अंबूआक्का म्हणाली. "मागल्या बायांना ऐकू गेलं न्हाई."

"परसूनं काय केलं न्हाई! चाकात वंगण मी घातलं! चुकी माझी हाय!"

७

नव्या बेरिंगचा जोड मी पिशवीत घालून आणलाच होता. हब रॉकेलनं तीनदा धुतला, बेरिंगमध्ये ग्रीस दाबून भरलं, नट आधी घट्ट आवळला आणि मग चाक मोकळं फिरेल इतपत मागं घेतला, पिन घातली. परसू माझ्या हाताखाली मुकाट्यानं काम करत होता. चाक फिरवलं तर ते नुसतं फिरत राहिलं, आवाज नाही.

तमाण्णा जवळ आला. "परसू, झालं ना आता समदं?"

परसूनं हात पुसले. "हितलं झालं, मालक. माझी आई यमगर्णीला हाय. घाटातनं आलो त्या रातीच तिच्या कानावर गेलंय, तुझ्या लेकानं मालकाची मोटार फोडली म्हनून. तवापासनं ती जेवली न्हाई. तिला कोन सांगनार?"

"तू सांग की. नाहीतर मिस्त्री येतील बरोबर."

"मी कवाच सांगितलंय. माझ्या सांगन्यानं भागत न्हाई," परसू म्हणाला.

तमाण्णानं एकदा वखारीकडं बघितलं, एकदा आईकडं. मग मोटारीत बसला. मीही बसलो, चाक बघायचं होतं म्हणून. यमगर्णीच्या वाटेवर परसूनं उतारावर इंजन बंद केलं, डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. चाकाचा आवाज आला नाही.

परसूचं घर गावाच्या कडेला, दोन खणांचं. त्याची आई मालूबाई चुलीपुढं बसली होती, चूल विझलेली. मोटार दारात थांबली तशी ती उठून उंबऱ्यात आली. वाळकी, ताठ बाई. तमाण्णानं पायातल्या वहाणा काढल्या, डोईचा पटका काढून हातात घेतला. आता मागं अंबूआक्का नव्हती, तरी तो मोठ्यानं बोलला.

"मालूबाई, तुमच्या लेकानं काय केलं न्हाई. माझ्याच हातनं झालं. मी त्याला घातकी म्हनलो, हात उचलला. माझं बोलनं मी माघारी घेतो."

मालूबाईनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, काही नाही.

"तुम्ही माघारी घेतलं ते बरं केलंसा," ती म्हणाली. "पर मालक, तुमच्या बोलन्यावरनं त्या राती मी माझ्या लेकाला इचारलं. खरं सांग, तू केलंस काय, म्हनून. देवाम्होरं हात ठिवून बोल म्हनलं. त्यानं ठिवला. तीस वर्सं पोटचा हाय, आनि मी त्याला देवाम्होरं उभा केला. तुमचं बोलनं तुम्ही माघारी घेतलं. माझं मी कसं घिऊ?"

तमाण्णानं मान खाली घातली.

परसू उंबरा ओलांडून आत गेला आणि चुलीपाशी बसला. "आये, ऱ्हाऊ दे आता," तो म्हणाला. "भाकरी टाक. भूक लागलीया."

मालूबाईनं चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं. मी आत जाऊन परसूच्या शेजारी भिंतीला टेकलो. पहिली भाकरी तव्यावर फुगेपर्यंत तमाण्णा पटका हातात धरून दारात उभा होता. त्याला आत या म्हणून कुणी म्हटलं नाही. मीही नाही.